आक्काचं सोनेरी कार्ड

"मावशी, उठा तिथून. सोफा खातेदारांसाठी आहे."

लोणावळ्याच्या बँकेतला साहेब मान वर न करता बोलला. माझी थोरली बहीण, आक्का, सोफ्याच्या कडेला वीतभर टेकली होती. ती उठली. उठून बसलेली जागा पदरानं पुसली.

मला लाज वाटली. साहेबाची नव्हे, आक्काची. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं सजवून सांगीन.

कारण सजवणं हाच माझा धंदा. भाज्याच्या लेण्यांवर मी पाहुण्यांना माहिती सांगतो. दमलेल्या पाहुण्याला मी कातळात राक्षस दाखवलाय, भुयार दाखवलंय, भुयारातून थेट दिल्ली दाखवलीय. माझ्या तोंडाला कुलूप लावलं तर कुलूपच बडबडायला लागेल, असं गाव म्हणतं.

आक्का एका बंगल्यावर धुणीभांडी करायची. बाई म्हणाल्या, पगार आता खात्यात टाकणार. काम एवढंच. पैसे येणार, आक्का काढणार. मागं शिल्लक उरण्याचा प्रश्नच नव्हता.

साहेबानं आम्हाला वरून खाली न्याहाळलं. "तुम्हा लोकांचं ते शून्य शिल्लक खातं. बुधवारी या."

तुम्हा लोकांचं. डोक्यात सणक गेली आणि जीभ सुटली. माझ्या तीन गाड्या आहेत, पवनेच्या काठावर पन्नास तंबू आहेत, परदेशी पाहुणे बुकिंगसाठी पाया पडतात. हिचं सगळ्यात भारी बचत खातं काढा.

साहेब उठला. चहा आला. त्याच सोफ्यावर.

खात्यात कायम दहा हजार ठेवावे लागतील, नाहीतर दंड बसेल, असं त्यानं सांगितलं. मी हात झटकला. आक्का कानाशी लागली, "आरं, मला नुसता पगार घ्यायचा नि काढायचा. साधं न्हाई का मिळत?"

मी तिचा पाय दाबला. आक्काकडं फोन नव्हता, म्हणून फॉर्मवर नंबर माझा घातला.

सोनेरी कार्ड आलं. मॅनेजर चप्पल काढून मला दारापर्यंत सोडायला आला, असं मी गावभर सांगितलं.

दुसऱ्याच महिन्यात माझ्या फोनवर मेसेज. शिल्लक कमी, दंड कापला. वाचला. पुसला. पुढच्या महिन्यात पुन्हा. बोललो असतो तर बढाई उघडी पडली असती. पैसे मीच काढून आणायचो. आक्काच्या हातावर ठेवायचो. कमी.

आक्कानं मला विचारलं नाही, बाईंनाही नाही. बंगल्यावर राबणाऱ्या बायकांची रीतच ती. पगार कमी आला की आधी स्वतःचा खाडा आठवायचा. "दोन खाडं झालं माजं. बाई कापत असतील. आयतवारी जाते भरून काढाया."

चार महिने आक्कानं रविवारची सुट्टी मोडली. रविवार म्हणजे बंगला पाहुण्यांनी भरलेला, मोरीत भांड्यांचा डोंगर. हे मी फुगवत नाही. बाईंनीही विचारलं नाही की आज का आलीस. फुकटचे हात कुणाला नको असतात? आणि मी तिला जाताना बघायचो. ओट्यावर बसून, चहा पीत.

एका रविवारी ती आली, पीठ मळायला बसली आणि हात मागं घेतला. साबणानं बोटं उलली होती. "मीठ झोंबतंय रं. तू मळ."

मी मळलं. मळता मळता बोललो, "आक्का, तुजा खाडा न्हाई. बँक कापती. मला ठावं होतं."

"पयल्यापासनं?"

"व्हय."

ती जेवली नाही.

सोमवारी तिला घेऊन बँकेत गेलो. साहेब हसला, "या, बसा." मी अख्ख्या बँकेला ऐकू जाईल असं बोललो. गाड्या नाहीत, तंबू नाहीत, सगळ्या थापा होत्या. ही माझी आक्का, धुणीभांडी करते. खातं शून्य शिल्लकेचं करून द्या.

"बुधवारी या. फॉर्म संपलेत."

"फॉर्म संपलेत असं लिहून द्या. सही-शिक्का मारून."

फॉर्म त्याच्याच ड्रॉवरमध्ये निघाला.

कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. ते मी फेडतोय. रविवार कुठून फेडू? आक्का अजून कामापुरतंच बोलते. माफी मी मागितली नाही, मागणारही नाही. ती मागणं म्हणजे तिच्यावर माफ करण्याचं आणखी एक काम टाकणं.

आता गावातल्या बायकांबरोबर मीच बँकेत जातो. वाटेत विचारतो, पैसे खात्यात राहणार, का येऊन जाणार? येऊन जाणार असतील तर शून्य शिल्लकच, आणि ते मोठ्यानं मागायचं. मग आक्काची गोष्ट सांगतो. साहेब काय बोलला ते, आणि मी काय लपवलं तेही. दरवेळी. पाहुण्यांना दिल्लीचं भुयार दाखवीन. ह्या गोष्टीत एक शब्द वाढवणार नाही, आणि माझ्या वाटचा एकही गाळणार नाही.