सहा तासांची डीव्हीडी

नाना लग्नाची कॅसेट बघताना मयताला आल्यासारखा चेहरा करून बसत. नाशकातली कितीतरी लग्नं त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपली होती; त्यांतल्या एकाही लग्नात ते पंगतीला बसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. कॅसेटींचे दिवस सरले तसे गंगापूर रोडवरच्या आपल्या गाळ्यात ते लोकांना त्याच कॅसेटींच्या डीव्हीडी करून देऊ लागले.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "किती तास?" तीन म्हटलं की नाना तीन कोऱ्या डिस्क काढून ठेवत.

"एकीतच बसवा ना, नाना."

"बसेल की. रिक्षात दहा माणसं बसतात, तसं. मग तोंडं दिसत नाहीत म्हणून माझ्याकडे यायचं नाही."

गिऱ्हाईक पलीकडच्या चकचकीत 'डिजिटल' दुकानात जाई.

मीही गेलो. नानांनीच काढलेल्या ताईच्या लग्नाच्या दोन कॅसेटी, साखरपुड्याची एक. सहा तास एकाच डीव्हीडीत भरून आणले. सुटसुटीत वाटलं. घरी कोणी ती धड लावून पाहिली नाही. पुढच्याच वर्षी चांदवडहून येताना दादाला ट्रकनं उडवलं. दहाव्याला त्याच्या कपड्यांबरोबर मामांनी, तो दिसतो म्हणून, त्या कॅसेटीही गंगेत सोडल्या. गेलेल्याचं घरात काही ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. मी अडवलं नाही. डीव्हीडी होती ना.

वर्षश्राद्ध झाल्यावर आई म्हणाली, "लाव रे ते लग्न." आमच्याकडे अक्षतांआधी पाऊण तास मान्यवरांचे सत्कार चालतात. शाल-श्रीफळ घेऊन स्तब्ध उभे राहिलेले सगळे चेअरमन आणि माजी चेअरमन लख्ख दिसले. मांडवभर धावणारा दादा मात्र चौकोन चौकोन होऊन फुटत होता. कानपिळीला नवरदेवाचा कान धरून हसतानाही तो हललाच, आणि हसू गेलं. क्षणभर थांबता तर चेहरा जुळून आला असता. पण त्या दिवशी तो कुठे थांबलाच नव्हता.

आई डिस्क घेऊन तडक नानांकडे गेली. मी मागोमाग. नानांनी ती दोनदा लावून पाहिली.

"वहिनी, टीव्हीचा दोष नाही, प्लेअरचाही नाही. हलत्या माणसाला जागा लागते. यात ती दिलेलीच नाही. भरताना जे गेलं ते आता यातून कोणीच काढून देऊ शकत नाही. मूळ कॅसेटी आणा, मी तासाला एक अशा करून देतो."

"गंगेत सोडल्या," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. पण ते आईकडे वळले. "कॅमेऱ्यातली मास्टर कॅसेट माझ्याकडे होती, वहिनी. तिच्यावर मी नंतर दुसरं लग्न काढलं. सगळेच तसं करायचे."

आई उठली नाही. "बघा तरी," एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी नानांचा फोन आला. गाळ्यातल्या साऱ्या जुन्या कॅसेटी त्यांनी शेवटापर्यंत चालवून पाहिल्या होत्या. विंचूरचं कुणाचं तरी लग्न लवकर आटपलं होतं, आणि त्याच्यामागे कॅसेटीच्या टोकाला आमच्या लग्नाचा तुकडा पुसायचा राहून गेला होता. चाळीस सेकंद.

गाळ्यात त्यांनी आईला खुर्ची दिली. पडद्यावर पंगत होती. दादा पाठमोरा, वाकून जिलबी वाढत होता. सदऱ्यावरच्या रेघा मोजता येत होत्या. कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं मान हलवली आणि कॅसेट संपली.

"पुढे?" आईनं विचारलं.

"नाही वहिनी. एवढंच आहे."

"परत लावा."

नानांनी कॅसेट मागे नेली. पुन्हा पंगत, पुन्हा पाठ, पुन्हा ती हाक.

"बघ हं," आई माझा हात धरून म्हणाली, "आता वळेल."

नाना बटणावर बोट ठेवून खाली बघत बसले होते.