होडीवाल्याच्या गाडीचे शॉकअप

समोरून ट्रक येत होता. मी स्टेअरिंग डावीकडे फिरवत होतो आणि गाडी सरळच चालली होती. शेजारी गाडीचे मालक, मिंगेलकाका, डॅशबोर्ड घट्ट धरून बसले होते. कामणच्या रस्त्यावरचं ते वळण, त्यात खड्डा, आणि पुढची चाकं क्षणभर अधांतरी. मग टायर टेकले, गाडीने डावीकडे हिसका घेतला आणि आम्ही गवतात जाऊन थांबलो. ट्रकवाला शिवी देऊन गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाअखेरची ही गोष्ट. गोखिवऱ्यात माझं गॅरेज होतं. मिंगेलकाका पाचूबंदरचे, पिढीजात होड्या बांधणारे. त्यांनी मुंबईहून गाडीचं किट आणलं होतं. पाइपची चासी, फायबरची बॉडी, बाकी सगळं सुटं. होड्यांच्या मांडवात बसून दोन वर्षं त्यांनी ती स्वतः जोडली. रविवारी मुलीचं, फिलोमिनाचं लग्न होतं आणि तिला याच गाडीतून चर्चला न्यायचं, असा त्यांचा शब्द होता. पुढचे शॉकअप तेवढे जमेनात म्हणून ते माझ्याकडे आले.

शॉकअप चाकाला खड्ड्यात खाली आणि उंचवट्यावर वर जाऊ देतो, पण उड्या मारू देत नाही. त्याच्यावर स्प्रिंग असते. गाडी उभी असताना तो मधोमध, अर्धा दबलेला हवा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. मी तसे बसवले. काका चार पावलं मागे गेले आणि एक डोळा मिटून बघत राहिले.

"नाळ खाली हाय."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक.

"काका, ही गाडी आहे."

"नाळ खाली ठेवली तं पानी आत येतं. वर घे."

अर्धा तास हेच चाललं. शेवटी मी नट फिरवून स्प्रिंगा आवळल्या. नाक चार बोटं वर आलं, पण शॉकअप पुरते ताणले गेले. चाकाला खाली जायला जागाच उरली नाही. हे मला कळत होतं. वाद घालायचा कंटाळा आला म्हणून मी ते केलं, आणि शुक्रवारी दुपारी ट्रायलला निघालो.

आम्ही गवतात उतरलो. भीती वाटली होती आणि स्वतःचाच रागही आला होता.

"फिलोमिनाला मी यात बसू देणार नाही," मी म्हणालो.

"पोरगी माझी हाय."

"म्हणूनच सांगतोय."

मग मी विचारलं, "होडीची नाळ बरोबर आहे की नाही, हे तुम्ही कधी बघता? किनाऱ्यावर?"

"किनाऱ्यावर काय कलतं? पान्यात सोडायची, मानसं नि जाली चढवायची, मंग बघायची."

"आणि ही कुठे बघितलीत?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "रिकामी. तुझ्या गॅरेजात. तू पन तितंच मापलीस ना?"

ते खरं होतं. माझं मधोमधही रिकाम्या गाडीचंच होतं.

शनिवारी सकाळी फिलोमिना, तिची आई आणि दोन मावश्या गाडीत बसल्या. मी खाली आडवा होऊन शॉकअप मधोमध येतो का, ते मोजत होतो. नट एक पूर्ण फेरा सैल करायचा की दीड, हे आत कोणती मावशी बसली आहे त्यावर ठरत होतं. काकांनी नाक खाली येताना पाहिलं, तोंड वाकडं केलं, पण मला अडवलं नाही. मग आम्ही दोघं आणि मागे तांदळाची पोती, पुन्हा तोच रस्ता. या वेळी गाडी काकांच्या हातात होती. खड्डा आला. खालून धप्प आवाज झाला आणि गाडी निमूटपणे वळली. काकांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

रविवारी पांढऱ्या झग्यातली फिलोमिना मागे बसली. सगळे घाई करत होते. काका मात्र चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटला, आणि मान हलवली.

"आता पान्यात हाय," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

त्यानंतर मी गाडीची उंची कधी रिकामी मोजली नाही. आणि गिऱ्हाईक चुकीचं सांगायला लागलं की भांडून घेतो. कंटाळा आलाच, तर त्या ट्रकचा बंपर आठवतो.