भिंतीवरचं जाळं

फिजीतल्या सुवा शहरात बंदराजवळच्या एका कचेरीत उनाइसी बोटींच्या वेळा सांगणारं अ‍ॅप सांभाळायची. तिचा बाप आपेनिसा, तिचा 'ता', राहायचा दूर मोआला बेटावर. तिथली बोट ऐनवेळी दिवस बदलायची. ते त्याच्या जुन्या फोनवर आधी कळे, म्हणून म्हातारा किनाऱ्यावर उपाशी ताटकळत नसे.

मग अ‍ॅपमध्ये तिकिटाचे पैसे घेणारा भाग आला. चाचणीत जुन्या फोनवर तो चालेना आणि त्याच्यापायी सगळं अ‍ॅपच बंद पडे. जुने फोन वगळायचे, अशी चर्चा सुरू झाली. उनाइसी म्हणाली, आधी कुठला भाग कोणाच्या जिवावर उभा आहे ते बघू द्या.

अशा अ‍ॅपमध्ये कुठलाच भाग आपलं सामान आपण आणत नाही. नटाच्या हाती तलवार जशी विंगेतून कोणीतरी देतं, तसं त्याला लागेल ते पुरवलं जातं. फिजीच्या घराघरांत चालतं ते केरेकेरे हेच. आपल्या माणसाने मागितलं की नाही म्हणायचं नाही. उनाइसीने संगणकाकडून प्रत्येक भागाचा एक ठिपका काढून घेतला आणि मागणाऱ्याकडून देणाऱ्याकडे बाण ओढून घेतले.

जाळं उभं राहिलं आणि तिची नजर एका बाणावर अडली. बोटीची वेळ सांगणारा भाग प्रवाशाची ओळख मागत होता आणि ती ओळख पैसेवाल्या भागाकडून येत होती. बोट कधी सुटते एवढं विचारायलाही आधी पैसेवाल्याला उठवायला हवं. हा एक बाण तोडला की जुने फोन वाचत होते.

तिचे वरिष्ठ विनेशभाई चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. आपलं घर आतून असं कधी पाहिलंच नव्हतं, म्हणाले. पण बाण राहणार होता. प्रवासी आधी आमच्या दारातून आत येईल, अशी पैसेवाल्या कंपनीची अट होती. बेटावरची माणसं बोटीवरच रोख पैसे देतात, हे तिने सांगितलं. विनेशभाईंना ते ठाऊक होतं.

"केरेकेरे, विनेशभाई," ती म्हणाली.

"अगं, माझ्याकडे मागितलंस तर अंगातला शर्ट काढून देईन. पण करारावर सही झालीय, पोरी. ती माणसं सिडनीत बसतात, त्यांना कसलं आलंय केरेकेरे?"

चित्र मात्र त्यांनी मोठं छापून भिंतीवर लावलं. येणारा-जाणारा वाखाणू लागला. एकाने तर सुचवलं, कापडावर छाप, बाजारात कमरेला गुंडाळायचं सुलू म्हणून हातोहात खपेल. तीही हसली.

शनिवारी आपेनिसाने नेहमीसारखा टेकडी चढून, रेंज शोधून फोन केला. तिने सांगून टाकलं की आता त्याच्या फोनवर ते अ‍ॅप उघडणार नाही.

"माझ्या हातून काही बिघडलं का गं?"

"नाही, ता. मला थांबवता आलं नाही."

"पण तू तर तिथेच बसतेस ना?"

शेवटी तोच म्हणाला, "बरं. मग बोटीचं तूच कळवत जा."

"हो, ता."

त्याच्याबरोबर टेकडीवर आलेल्या आत्याने फोन मागून घेतला. तिलाही कळवायला हवं होतं. मग शेजाऱ्याने घेतला, मग आणखी कोणी. टेकडीवर फोन या हातातून त्या हातात जात राहिला आणि उनाइसी हो म्हणत राहिली.