तीन दिसला तरी आठ म्हणायचं

बारावीचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. वैमानिक व्हायचं असेल तर सगळ्यात आधी डॉक्टरी तपासणी, असं मी जिथे जिथे विचारलं तिथे सांगितलं गेलं होतं. दोनशे तासांचं उड्डाण, नेव्हिगेशनचे आणि हवामानाचे पेपर, परवाना, हे सगळं त्यानंतर. म्हणून आई मला विजय नगरातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. पहिली तपासणी जबलपुरातच होत होती.

वजन, रक्तदाब, कान, अक्षरांचा तक्ता, सगळं नीट झालं. शेवटी डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यात लपलेला एक आकडा.

"नंबर पढ़ो, बेटा."

पहिला बारा होता. तो मी वाचला. दुसऱ्या पानावर मी म्हणालो, "तीन."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "फिर से देखो."

"तीनच आहे... तीन है, सर."

पुढच्या पानाला मी सत्तर म्हणालो. त्याच्या पुढच्या काही पानांवर मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "आपके भाई को रंगों की कोई दिक्कत है?"

"नहीं," आई लगेच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पता नहीं."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लाल-हिरव्याची ही गडबड बहुधा आईकडून मुलाकडे येते. अंतिम निर्णय दिल्लीतल्या मोठ्या तपासणीत होईल. तिथे पुन्हा हेच पुस्तक, आणि त्यात अडकलं तर अंधाऱ्या खोलीत दिव्यांची चाचणी. त्यानंतर कुठेही दाद नाही. घरी येताना रिक्षात मी रस्त्यावरचा प्रत्येक रंग तपासत बसलो होतो. मला रंग दिसत होते. निदान अठरा वर्षं मी तसं समजत होतो.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. तयार सुट्या भागांची मोजमापं तपासायची, केसभर फरक असला तरी भाग बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही जमत तर दुसरं काही पाहू." आई तिथून उठून आत गेली आणि तिने मामाला फोन लावला.

मामा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा. रेल्वेत पार्सल ऑफिसात कारकून. तरुणपणी तो इंजिनावर सहायक ड्रायव्हर होता, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत अगदी तसंच ठिपक्यांचं पुस्तक होतं. जुनं, कडा मऊ झालेलं.

"हे तुमच्याकडे कसं?" मी विचारलं.

"आहे," मामा म्हणाला. "बस. वेळ कमी आहे."

मग पंधरा दिवस आम्ही रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसलो. आपल्या डोळ्यांना जे दिसतं त्याचा भाषांतर-तक्ता मामाने मला पाठ करून दिला. तीन दिसला की आठ म्हणायचं. सत्तर दिसला की एकोणतीस. एकवीस दिसला की चौऱ्याहत्तर. ज्या पानांवर काहीच दिसत नाही ती सगळ्यात अवघड. तिथे एखाद्या मोठ्या ठिपक्याची जागा लक्षात ठेवून आकडा पाठ करायचा.

"पानाच्या क्रमावर भरोसा ठेवू नको," तो बजावायचा. "ते मध्येच कुठलंही पान उघडतात. आणि अटकायचं नाही. अटकला की गेला."

आई चहा ठेवायची आणि लगेच स्वयंपाकघरात परत जायची. पण आतून भांड्यांचा आवाज येत नसे. ती ऐकत असायची. मी चुकलो की तिच्या बांगड्या वाजायच्या. शेवटच्या आठवड्यात मी एकही पान चुकलो नाही. मामा म्हणाला, "चलो, हो गया." पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून दिल्लीला माझ्याबरोबर मामा आला. सकाळी आठपासून आम्ही तपासणीच्या इमारतीत एका बाकावर होतो. रक्त, हृदयाचा आलेख, कान, सगळं आटोपलं होतं. डोळ्यांचं तेवढं राहिलं होतं. माझ्या पुढे चार जण होते. मी ओठ न हलवता घोकत होतो. तीन, आठ. सत्तर, एकोणतीस.

"माझी पाठ कधी दुखली नाही," मामा एकाएकी म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"हेच पुस्तक पाठ करून मी इंजिनावर चढलो होतो. आठ महिने निभावलं. तिथे दोघांनी सिग्नल मोठ्याने बोलायचा असतो. ड्रायव्हर जे बोलायचा ते मी त्याच्या मागून पटकन बोलायचो. एका सकाळी धुकं होतं. ड्रायव्हर खाली वाकून काही पाहून राहिला होता, आणि सिग्नल आला. मी म्हणालो, पीला. त्याने मान वर केली आणि ओरडला, लाल है! गाडी थांबली तेव्हा समोरच्या मालगाडीचा शेवटचा डबा इतका जवळ होता की त्यावरचा नंबर वाचता येत होता. आमची सवारी गाडी, मागचे सगळे डबे माणसांनी भरलेले. लोकांना कळलंही नाही. मी त्याच आठवड्यात जाऊन सांगितलं की मला खाली घ्या."

"आणि आईला?"

"तिला काय सांगू? पाठ सांगितली."

माझ्या पुढे आता एकच जण उरला होता. मला संताप आला. "हे आज सांगून राहिले तुम्ही? पंधरा दिवस मला शिकवलं तेव्हा काहून नाही बोलले?"

"तुझ्या आईने हात जोडले होते," मामा म्हणाला. "अजूनही तू पास होशील. मी अडवत नाही. पण मला माहीत असून मी गप्प बसलो, असं नको."

माझा नंबर पुकारला गेला.

आतले डॉक्टर गंभीर, मितभाषी होते. त्यांनी पुस्तक मधूनच उघडलं. मला तीन दिसला. मी म्हणालो, "आठ." त्यांनी खूण केली. पुढे सत्तर दिसला. "एकोणतीस." आवाज अगदी स्वच्छ आला, सरावाचा. तिसऱ्या पानावर एकवीस होता. चौऱ्याहत्तर माझ्या जिभेवर तयार होता. दोन-तीन सेकंद गेले असतील. डॉक्टरांनी मान वर केली.

"मला इथे एकवीस दिसतोय, सर," मी हिंदीत म्हणालो. "आणि मघाशी आठ नव्हता दिसला. तीन दिसला होता. मी पाठ करून आलोय."

त्यांनी पुस्तक हळूच मिटलं. ते रागावतील, मला बाहेर काढतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "दिव्यांच्या चाचणीला चला. तिथे पाठांतर चालत नाही."

खोलीत काळोख होता. डोळे सरावेपर्यंत काही मिनिटं मला तसंच बसवलं. माझा श्वास मलाच ऐकू येत होता. मग समोर, खोलीच्या टोकाला, टाचणीच्या डोक्याएवढे दोन दिवे लागले. लाल, हिरवा, पांढरा, यांपैकी जे दिसेल ते सांगायचं. सुरुवातीच्या जोड्या मी धीर धरून सांगितल्या. त्या बरोबर असाव्यात असं वाटलं. मनात आलं, खरं बोलूनही निभावेल. मग एक जोडी आली, दोन्ही दिवे फिकट. हिरवा की पांढरा? मी डोळे ताणले. जितकं बघावं तितके ते एकसारखे होत गेले.

"दोन्ही पांढरे," मी म्हणालो.

पुढची जोडी लागली. नंतर मी फक्त अंदाज करत होतो.

कागदावर 'अपात्र' असं लिहिलं होतं. मामाने तो घडी करून माझ्याकडे परत दिला. परतीच्या गाडीत बसण्याआधी त्याने आईला फोन करून सगळं सांगितलं. घरी दारातच आईने त्याला विचारलं, "दादा, तू काहून सांगितलं त्याला? एक दिवस थांबला असता तर काय झालं असतं?" मामा चपला न काढताच परत गेला. तिथून कित्येक वर्षं मी त्याच्याकडे फिरकलो नाही. बाबा मात्र त्या संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी मला काही विचारलं नाही. त्याचं मला फार बरं वाटलं.

मी जबलपुरातच फिजिक्सला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षाला असताना जवळच्याच पाटन गावची एक मुलगी कुणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे आली. तिची तपासणी पार पडली होती, पण नेव्हिगेशनच्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती. वाऱ्याने विमान किती सरकेल, नाक किती अंश वळवायचं, ही गणितं तिला सुटत नव्हती. मी तिची पुस्तकं आधी स्वतः वाचली. रात्रंदिवस तेच. तिला शिकवताना कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. तिसऱ्या खेपेला ती पास झाली. आज ती प्रवासी विमानावर सहवैमानिक आहे. तिच्यामागून तिच्या ओळखीचे दोघं आले, मग पाच. आता विजय नगरात दोन खोल्यांत माझे वर्ग चालतात. नवीन मुलगा आला की फॉर्म भरण्याआधी मी त्याला डोळे तपासून यायला सांगतो. काहींचे वडील नाराज होतात. होऊ देत.

मामाकडे मी शेवटी गेलो तो त्याच्या निवृत्तीच्या थोडं आधी. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बोलले नसते तर?"

"तर तू पास झाला असता," तो म्हणाला. "आणि तू वर गेला की मी रोज देवापाशी बसलो असतो."

मला ते उत्तर पुरं पडलं नाही, अजूनही पडत नाही. मी आणखी दहा पानं खोटं बोललो असतो तर कदाचित आज उडत असतो, कदाचित एकदाही चुकलो नसतो. हे मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "हो, असंही झालं असतं." मग त्याने आतून ताटं आणली आणि आम्ही जेवायला बसलो.