काकाचे कान

माझा धाकटा दीर पॉलिहाऊसमध्ये औषध मारायचा. फुलांच्या त्या एकाच मळ्यात तो आणि माझा नवरा, दोघं सख्खे भाऊ, मिसरूड फुटल्यापासून पाठीवर पंप घेऊन हिंडले. मी तिथेच पॅकिंगला आहे, त्यामुळे सांगते ते सगळं डोळ्यांदेखतचं.

पंपाच्या टोकाचं नोझल तुंबलं की दोघंही ते काढून तोंडाने फुंकायचे. मास्क गळ्यात, हातमोजे खिशात. मी ओरडले की नवरा म्हणायचा, "इतकी वर्षं फुंकतोय, काय झालं मला?" दिराचं मात्र फवारणीच्या दिवशी डोकं ठणकायचं, मळमळायचं, ताट तसंच राहायचं. आम्ही त्याला नाजूकराव म्हणायचो. तोही हसायचा. पण भारी हट्टी, एक दिवस कधी घरी बसला नाही.

मला तीन मुलं. थोरला तर हुबेहूब काकावर गेलाय, तेच बाहेर आलेले कान, तीच तिरकी चाल. दिराच्या लग्नाला मात्र इतकी वर्षं होऊनही पाळणा हलला नाही. सगळ्यांचे डोळे धाकट्या जावेकडे. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या, तरी पुन्हा नवा दवाखाना, नव्या गोळ्या. दिराला तपासायचा विषय निघाला तरी पुढे जायचा नाही, कारण सासूबाईंचं उत्तर तयार होतं. "माझा थोरला तेच काम करतो, त्याला तीन आहेत. दोघं माझ्याच पोटचे. मग दोष याचा कसा?" मला राग यायचा, पण माझीच तीन मुलं पुराव्याला उभी.

शेवटी जाऊच तडकली. "आता मी एकही सुई टोचून घेणार नाही. यांना तपासा, नाहीतर मी माहेरी चालले." बॅग भरून ठेवूनच बोलली होती. दीर उठला. जावेने मलाही दवाखान्यात सोबत ओढलं.

शुक्राणू फार कमी निघाले, आणि होते तेही धड हलत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी काम विचारलं आणि नोझलचं ऐकून कपाळाला हात लावला.

"पण दादाही तेच करतो," दीर म्हणाला. "त्याला काही नाही झालं."

"काहींचं शरीर हे विष लवकर मोडून बाहेर टाकतं, काहींचं सावकाश. ते जन्मतःच ठरलेलं असतं, आईवडिलांकडून येतं. सख्ख्या भावांतही फरक असतो. तुमचं कारण हेच, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण औषध मारणं आजपासून बंद."

घरी येताना जाऊ रिक्षात रडली. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं.

मग तो माझ्याकडे पॅकिंगला आला. बायकांत एकटा पुरुष, चेष्टेला ऊत आला. पण जुड्या बांधायला झटकन शिकला. डोकेदुखी गेली. पुढच्या तपासणीत आकडा थोडा वाढला, पुढे आणखी थोडा. मूल मात्र झालं नाही. जावेने बॅग रिकामी केली आणि पुन्हा भरली नाही. मला अजून त्या दोघांचं वाईट वाटतं.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्याचं शिक्षण संपलं. नोकरी लागेना, म्हणून नवऱ्याने त्याला मळ्यात घ्यायचं ठरवलं. सकाळी अंगणात त्याच्या पाठीवर पंप चढवला आणि नोझल काढून त्याच्या हातात दिलं, "तुंबलं की असं फुंकायचं."

दीर चहा पीत उभा होता. त्याने कप खाली ठेवला आणि पोराच्या हातून नोझल काढून घेतलं.

"हा औषध मारणार नाही."

"का? मला काय झालं?" नवऱ्याचं नेहमीचंच.

"तुला नाही झालं, दादा. मला झालं. हा तुझ्यावर गेलाय की माझ्यावर?"

कान सारखे म्हणून आतलंही सारखंच असेल असं नाही, हे मलाही कळतं. पण नसेलच, असंही कोण सांगणार? नवरा पोराच्या कानांकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताने पट्टे सोडवले आणि पंप पोराच्या पाठीवरून खाली उतरवला.