न फिरणारा चरक

७ मार्च २०२५ रोजी मिराशींनी दोनशे शहाऐंशी डॉलर पन्नास सेंट मोजून एक जुना कागद विकत घेतला. सिंगापुरात, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये कुमुदताईंनी तो उलगडला आणि कपाळाला हात लावला. १८८५ सालची लोखंडी चरकाची जाहिरात होती ती. उसाचा रस काढणारे तीन रूळ, जुंपलेले दोन बैल आणि खाली ठसठशीत अक्षरं : ‘ह्या यंत्रांत रसाचा एक बिंदुही वायां जाणार नाहीं.’

“एवढ्या पैशांत नवा मिक्सर आला असता,” कुमुदताई नवऱ्याला म्हणाल्या.

“मिक्सर कोण प्रदर्शनात ठेवणार?”

कुमुदताईंच्या मैत्रिणीची मुलगी मधुरा बुओना व्हिस्टाच्या एका संस्थेत संशोधन करत होती. शेतीच्या जुन्या अवजारांच्या जाहिरातींचं प्रदर्शन ती मांडणार होती आणि तिला मराठी जाहिरात मिळत नव्हती. मिराशींनी ती द्यायचं कबूल केलं होतं. कागदाखाली त्यांचं नाव लागणार होतं. एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या या माणसाचं नाव आजवर फक्त लॉगबुकात लागलेलं. त्या एका ओळीसाठी ते नवरदेवासारखे हिंडत होते.

चार दिवस भिंग घेऊन ते त्या चित्रावर ओणवे. पाचव्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, “अगं, हा चरक फिरूच शकत नाही.”

“वरण वाढू?”

“रुळांवरची तिन्ही दातेरी चाकं एकमेकांत अडकवलीत. एक उजवीकडे फिरलं की दुसरं डावीकडे फिरणार. मग तिसऱ्याने जायचं कुणीकडे?”

“वामकुक्षीला.”

संध्याकाळी खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या उसाच्या रसाच्या मशीनमध्ये ते इतके वाकून पाहत राहिले की दुकानवाल्या चिनी बाईने विचारलं, अंकल, ज्यूस हवाय की मशीन? लाजेखातर कुमुदताईंनी दोन ग्लास घेतले.

मंगळवारी मधुरा कागद न्यायला आली. मिराशींनी तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. कागद पत्र्यासारखा ताठ, चकचकीत. वर लाल मार्करने काढलेले तीन बाण.

“काका, हे काय?”

“लॅमिनेट केलं. आता तेल सांडो, पाणी सांडो.”

“प्रदर्शनात तेल कोण सांडणार, काका?”

जहाजावर आलेलं कुठलंही ड्रॉइंग संध्याकाळच्या आत लॅमिनेट व्हायचं, नाहीतर तेलकट बोटं आठवड्यात त्याचा चोथा करत. ही सवय घेऊनच मिराशी जमिनीवर उतरले होते. घरातली हमीपत्रं, लग्नपत्रिका, एवढंच काय, कुमुदताईंची जन्मपत्रिकाही त्यांनी प्लास्टिकमध्ये गाडली होती. कागद आला त्याच दिवशी कुलपात टाकायला हवा होता, हे कुमुदताईंना आता सुचलं.

“असा कागद आमची संस्था घेणार नाही,” मधुरा खुर्चीत बसत म्हणाली. “प्लास्टिक सोडवायला गेलं तर शाईही निघून येईल.”

मिराशी चष्मा काढून पुसत बसले.

“खालच्या दुकानातून करून आणलं,” ते म्हणाले. “फोन घरी राहिला होता, म्हणून उधारीवर.”

“उधारी करून वाटोळं केलंत,” कुमुदताई म्हणाल्या. नवऱ्याच्या त्या पुसण्याचाच त्यांना जास्त वैताग आला. “निदान ते बाण कसले, ते तरी सांगा तिला.”

मिराशींनी सांगितलं. कंपनीला रिपोर्ट द्यावा तसं, चाकं मोजून. मधुराने दोनदा थांबवून विचारलं, मग वही काढली. यंत्र न पाहताच चित्रकार अशा जाहिराती काढत, असा तिचा वर्षभराचा संशय होता. पुरावा मात्र हाती नव्हता.

प्रदर्शनात मूळ कागद नव्हता. त्याचा मोठा फोटो होता, बाणांसकट. खाली ओळ होती : ‘चूक दाखवली : धनेश मिराशी, चीफ इंजिनियर.’ मिराशी त्यापुढे दहा मिनिटं उभे राहिले.

“मधला बाण वाकडा आलाय,” ते म्हणाले.

“चला आता,” कुमुदताई म्हणाल्या.

लॅमिनेशनचे दोन डॉलर चाळीस सेंट खालच्या दुकानदाराला अजून द्यायचे आहेत.