आक्काचा लाकडी पाय

खोलीत कुणी शिरलं की तो आधी पाय बघायचा, मग चेहरा. पेन्सिल कानावर ठेवून खिशात शोधायचा. चहा गार झाल्याशिवाय प्यायचा नाही. लाकडाचा ठोकळा हातात आला की गालाला लावायचा. ओल गालाला कळते, बोटांना नाही, असं त्याचं म्हणणं. आणि माप दोनदा घ्यायचा. माणूस बसलेला असताना एकदा, उभा असताना एकदा.

दवाखान्यामागच्या शेडमध्ये तो लाकडी पाय करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. आता पाय प्लास्टिकचे येतात. ज्यांना ते बोचतात, त्यांच्यासाठी मिस्त्री होता. लाकूड एकच, शिवणीचं. सागही त्याच कुळातला, पण सागाचा पाय दिवसभर ओढून बघा, म्हणायचा. शिवण हलकी. नीट वाळली की वाकत नाही, तडकत नाही.

आई गेल्यावर त्याला थोरल्या बहिणीने, आक्काने, वाढवलं. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून. साखरेच्या आजारात तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि आक्का बसली. इस्त्री गार पडली. ताटात येईल ते मुकाट्याने जेवायची. कुणाला टाकून बोलायची नाही. मिस्त्रीला धास्ती होती ती याचीच. गप्प आक्का त्याने जन्मात पाहिली नव्हती.

गुडघ्याचा साचा नर्सने घेतला. राहिली उंची. तो टेप घेऊन गेला तर आक्काने चादर ओढून घेतली. तो मागे फिरला. आक्काची उंची काय मोजायची, डोळे मिटून सांगेन, असं नर्सला म्हणाला. वर्षानुवर्षं जपलेला ठोकळा काढला आणि कामाला लागला.

रविवारी पाय बांधला. आक्का टेबलाला धरून उभी राहिली आणि एका अंगाला कलली. पाय चांगला दोन बोटं लांब झाला होता.

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. आता ही पुन्हा बसणार, ती कायमची.

आक्काने खाली पाहिलं. मग त्याच्याकडे.

"बाळ्या, एवढी उंच मी कधी होते रे?"

त्याने कानावरची पेन्सिल खिशात शोधली.

"टेबलाखाली खेळायचास, तिथून बघून माप धरलंस का?"

मिस्त्रीने मान हलवली. खरंच तसंच झालं होतं.

"लांब आहे ते बरं," तो पुटपुटला. "कापता येतो. आखूड झाला असता तर गेला होता."

"मग काप की. माझं तोंड काय बघतोस?"

किती दिवसांनी ती त्याच्यावर खेकसली होती. त्याने इस्त्रीच्या टेबलावरच पंजा सोडवला, नडगी दोन बोटं कापली, पंजा परत बसवला. काम करता करता बोलत राहिला. शिवण, साग, तुळस, पुदिना, सगळे एकाच कुळातले, असं काहीबाही.

"म्हणजे मी पुदिन्याच्या भावावर उभी राहायची," आक्का म्हणाली. आणि उभी राहिली. सरळ. मग हात लांब करून इस्त्रीचं बटण दाबलं.

मिस्त्रीने समोरचा चहा उचलला आणि गरमच पिऊन टाकला. जीभ भाजली.

प्रत्येक पायाला तो बोटं कोरायचा, बुटात दिसत नसली तरी. आक्काच्या पायाचा अंगठाच तेवढा झालाय. उरलेली पेन्सिलीने आखलेली आहेत. तो दर रविवारी पाय मागतो. ती म्हणते, आज नको, कपड्यांचा ढीग पडलाय.